जळाऊ लाकडाचा प्रोसेसर: निवड कशी करावी आणि तो भरपूर उत्पादनासाठी कसा चालवावा?

मेपलवन

नमस्कार. न्यूयॉर्क राज्याच्या उत्तर भागात, ॲडिरॉन्डॅक पर्वतांच्या पायथ्याशी आमच्या कुटुंबाची जंगलजमीन आहे. त्यात शुगर मेपल, बीच, ब्लॅक चेरी आणि मोठ्या प्रमाणावर ॲश आहे. एमराल्ड ॲश बोअरर हा किडा 2002 मध्ये मिशिगनमध्ये डेट्रॉइटजवळ सापडला आणि पुढे पसरत आमच्या भागातही पोहोचला. त्यामुळे आमची ॲशची झाडे एकामागून एक वाळत आहेत. उभे वाळलेले ॲश फार ठिसूळ होते, त्याच्या फांद्या तोडताना अचानक खाली येतात, म्हणून ही झाडे यंत्राने तोडणाऱ्या कंत्राटदाराकडून पाडून घ्यायची आणि ओंडके आमच्याच आवारात आणून त्यांचे सरपण करून विकायचे, असे आम्ही ठरवले आहे.

दर हंगामाला सुमारे 150 कॉर्ड (रचलेल्या सरपणाचे आमच्याकडचे माप) लाकूड तयार करण्याचा विचार आहे. सध्या आमच्याकडे 60 अश्वशक्तीचा एक ट्रॅक्टर, एक जुना लाकूड फोडायचा स्प्लिटर आणि दोन चेनसॉ आहेत. काम करणारे आम्ही दोघे, मी आणि माझे पती. प्रोसेसर, म्हणजे ओंडका कापून त्याचे तुकडे फोडणारे एकत्रित यंत्र, घ्यायचा हे नक्की आहे, परंतु माहितीपत्रके वाचून गोंधळ वाढतो, कारण प्रत्येक कंपनी ताशी उत्पादनाचा वेगळाच आकडा सांगते. साखळीची करवत घ्यावी की गोल पात्याची, ट्रॅक्टरवर चालणारा घ्यावा की स्वतःच्या इंजिनाचा, दाब किती टनांचा असावा, या प्रश्नांवर ज्यांनी हे काम प्रत्यक्ष केले आहे त्यांची मते हवी आहेत.

हिमतळे

मी फिनलंडच्या मध्य भागात राहते आणि सासरच्या शेतावर दरवर्षी बर्च लाकडाचे सरपण करण्याच्या कामात असते. या देशात हाक्की पिल्के, पालाक्स, यापा अशा अनेक कंपन्या लहान आणि मध्यम प्रोसेसर बनवतात आणि शेजाऱ्यांमध्ये मिळून एक यंत्र घेण्याची पद्धतही आहे. आकड्यांचा गोंधळ आधी सोडवू, कारण तो सुटल्याशिवाय तुलना करता येणार नाही.

लाकूड तीन प्रकारे मोजले जाते. एक म्हणजे भरीव लाकडाचा घनमीटर, दुसरा नीट रचलेल्या राशीचा घनमीटर आणि तिसरा कन्व्हेयरवरून सैल पडलेल्या ढिगाचा घनमीटर. आमच्याकडे 33 सेंटीमीटर लांबीच्या फोडलेल्या लाकडासाठी ढोबळ हिशोब असा आहे की, सैल ढिगाच्या 1 घनमीटरमध्ये सुमारे 0.4 घनमीटर भरीव लाकूड असते आणि रचलेल्या राशीच्या 1 घनमीटरमध्ये सुमारे 0.67. तुमचा कॉर्ड हा रचलेल्या राशीचे माप आहे. तो 4 फूट रुंद, 4 फूट उंच आणि 8 फूट लांब, म्हणजे 128 घनफूट किंवा 3.62 घनमीटर भरतो आणि त्यात साधारण 2.4 घनमीटर भरीव लाकूड असते. म्हणजे एका कॉर्डचा सैल ढीग 6 घनमीटरांच्या आसपास जातो. युरोपातील माहितीपत्रकात 'ताशी 10 घनमीटर' असे लिहिलेले असेल आणि तो आकडा सैल ढिगाचा असेल, तर तुमच्या मापात ते पावणेदोन कॉर्डसुद्धा नाहीत. विक्रेत्याला पहिला प्रश्न हाच विचारा की, हा घनमीटर कोणता?

दुसरी गोष्ट ओंडक्याच्या जाडीची. 33 सेंटीमीटर लांबीचा तुकडा 20 सेंटीमीटर जाडीच्या ओंडक्याचा असेल तर त्यात 0.0104 घनमीटर लाकूड असते. तोच 30 सेंटीमीटर जाडीचा असेल तर 0.0233 घनमीटर, म्हणजे सव्वादोन पट. कापणे आणि फोडणे मिळून एका तुकड्याला 10 सेकंद लागतात असे धरले, तर तासाला 360 तुकडे होतात. बारीक ओंडक्यांतून 3.7 घनमीटर भरीव लाकूड, म्हणजे दीड कॉर्ड निघेल आणि जाड ओंडक्यांतून 8.4 घनमीटर, म्हणजे साडेतीन कॉर्ड. यंत्र तेच, माणूस तोच आणि वेगही तोच. म्हणून जाहिरातीतला आकडा नेहमी सरळ, बिनफांद्यांच्या आणि यंत्राच्या कमाल जाडीच्या जवळपास असलेल्या ओंडक्यांचा असतो. तुमच्या आवारात येणाऱ्या ओंडक्यांपैकी बहुतेकांची जाडी काय आहे, हे टेप घेऊन मोजा आणि त्यावरून यंत्र निवडा. सर्वांत जाड ओंडक्यावरून निवडू नका. शंभरातले पाच ओंडके बाजूला ठेवून तुमच्या जुन्या स्प्लिटरवर फोडता येतील. त्या पाचांसाठी मोठे यंत्र घेतले, तर उरलेल्या पंच्याण्णवांवर दर तुकड्यामागे वेळ वाया जातो.

मेपलवन

मनापासून आभार. कंत्राटदाराने आणलेल्या पहिल्या गाडीतील ओंडके मोजले. बहुतेक 20 ते 32 सेंटीमीटर जाडीचे आहेत, काही बुंधे मात्र 45 च्या पुढे जातात. मग 40 सेंटीमीटरपर्यंत चालणारे यंत्र पुरेसे ठरेल असे वाटते. एक शंका आहे. जास्त टनांचे यंत्र घेतले तर गाठाळ मेपल सहज फुटेल, असे विक्रेता सांगतो. ते कितपत खरे आहे?

तेलदाब

पुण्याजवळच्या औद्योगिक वसाहतीत हायड्रॉलिक सिलिंडर आणि पॉवर पॅक बनवण्याच्या कामात माझी बरीच वर्षे गेली आहेत, त्यामुळे लाकडाविषयी नाही, पण टनांविषयी बोलू शकतो.

सिलिंडरचा जोर म्हणजे तेलाचा दाब गुणिले दट्ट्याचे क्षेत्रफळ. 200 बार दाबावर 100 मिलिमीटर व्यासाचा सिलिंडर सुमारे 16 टन जोर देतो. 125 मिलिमीटर व्यासाचा घेतला तर तोच दाब 25 टन देतो. ही वाढ फुकट मिळत नाही. स्ट्रोक, म्हणजे दट्ट्याची पुढे जाण्याची लांबी, अर्धा मीटर धरला तर पहिल्या सिलिंडरला भरायला 3.9 लिटर तेल लागते आणि दुसऱ्याला 6.1 लिटर. पंप मिनिटाला 60 लिटर तेल देत असेल, तर पहिला 4 सेकंदांत पुढे जाईल आणि दुसऱ्याला 6 सेकंद लागतील. टन वाढवले आणि पंप तोच ठेवला की वेग त्याच प्रमाणात उतरतो. वेग टिकवायचा असेल तर मोठा पंप हवा, मोठ्या पंपाला जास्त अश्वशक्ती हवी, आणि ती तुमच्या 60 अश्वशक्तीच्या ट्रॅक्टरमधूनच यायची आहे.

यावर कंपन्या दोन उपाय करतात. एक म्हणजे दोन टप्प्यांचा पंप किंवा वेग आपोआप बदलणारा व्हॉल्व्ह. लाकूड सहज फुटत असते तेव्हा दट्ट्या वेगाने पळतो आणि अडथळा आला की वेग कमी होऊन जोर वाढतो. ॲशसारख्या सरळ रेषांच्या लाकडात पूर्ण जोर क्वचितच लागतो, म्हणून हा व्हॉल्व्ह असलेले 16 टनांचे यंत्र दिवसभरात तो नसलेल्या 25 टनी यंत्रापेक्षा जास्त माल काढू शकते. दुसरा उपाय म्हणजे करवतीला आणि फोडण्याच्या सिलिंडरला वेगवेगळे पंप. हा मुद्दा माहितीपत्रकात बारीक अक्षरांत असतो, पण माझ्या मते टनांपेक्षा तोच महत्त्वाचा आहे. दोन्ही कामांना स्वतंत्र तेल मिळत असेल, तर दट्ट्या एक तुकडा पाचरीतून ढकलत असतानाच पुढचा तुकडा कापता येतो आणि एका फेरीचा वेळ त्या दोन कामांपैकी जे लांब असेल तेवढाच राहतो. पंप एकच असेल तर दोन्ही कामे एकाच वेळी करताना दोघांचाही वेग पडतो आणि वेळांची जवळपास बेरीज होते.

तेलाच्या टाकीचा आकार आणि कूलर आहे का, हेही पाहा. रिलीफ व्हॉल्व्हवरून (जादा दाब सोडून देणारी झडप) वाया जाणाऱ्या दाबाची उष्णता होते आणि ती तेलातच साठते. तेल 80 अंश सेल्सिअसच्या वर सतत राहिले तर पातळ होते, सील कडक पडतात आणि पंपातली गळती वाढते. सकाळी वेगात चालणारे यंत्र दुपारी मंदावते, त्याचे कारण बहुतेक वेळा हेच असते. विक्रेत्याच्या आवारात दहा मिनिटांच्या प्रात्यक्षिकात ते कधीच दिसत नाही.

ओंटारियोकर

तेलदाब यांच्या म्हणण्यात थंडीची बाजू जोडतो. तुमच्याकडेही पारा उणे 20 पर्यंत उतरत असणार. अशा सकाळी तेल इतके घट्ट असते की पंपाला ते ओढता येत नाही, पंपातून कर्कश, खडे भरल्यासारखा आवाज येतो आणि तसेच जोर देऊन चालवले तर पंपाचे आतले भाग झिजतात. थंडीत 46 ऐवजी 32 श्रेणीचे, म्हणजे अधिक पातळ तेल वापरावे, यंत्र कमी फेऱ्यांवर निदान पंधरा मिनिटे मोकळे चालू द्यावे आणि दट्ट्या रिकामाच पुढेमागे करून सिलिंडरमधले तेल गरम करून घ्यावे. निर्मात्याने दुसरी श्रेणी सांगितली असेल तर अर्थातच तीच पाळावी.

आता ट्रॅक्टरविषयी. मेपलवन, तुम्ही एका गोष्टीचा विचार अजून केलेला दिसत नाही. ट्रॅक्टरच्या पीटीओवर (मागच्या फिरत्या शाफ्टवर) प्रोसेसर चालवला तर ट्रॅक्टर दिवसभर तिथेच जखडला जातो. मग ओंडके यंत्रापाशी कोण आणणार आणि तयार मालाचा ढीग कोण हलवणार? दोन माणसे आणि एक ट्रॅक्टर असेल तर दर अर्ध्या तासाला प्रोसेसर सोडवायचा, फोर्क जोडायचे, ओंडके आणायचे आणि पुन्हा प्रोसेसर जोडायचा, असे होईल. यंत्र ताशी दोन कॉर्डचे असले तरी दिवसाच्या शेवटी हाती त्याच्या निम्मेही पडत नाही. म्हणून एकतर स्वतःच्या इंजिनाचा प्रोसेसर घ्या आणि ट्रॅक्टर भरणीसाठी मोकळा ठेवा, किंवा पीटीओचा घेतलात तर एक जुना स्किड स्टिअर (लहान, जागेवर वळणारा लोडर) वा साधा लोडर त्याच अंदाजपत्रकात धरा. आमच्या भागात जे लोक या धंद्यात टिकले, त्यांच्याकडे प्रोसेसर साधा आणि लोडर चांगला, असेच चित्र दिसते.

हिमतळे

ओंटारियोकर यांच्याशी पूर्ण सहमत. आमच्याकडे शेतांवर थ्री-फेज वीज असते, म्हणून पीटीओ आणि विजेची मोटर अशा दोन्हींवर चालणारी यंत्रे लोक घेतात. घराजवळ काम असेल तेव्हा मोटर लावायची आणि ट्रॅक्टर सोडवून घ्यायचा. अमेरिकेतल्या बहुतेक शेतांवर सिंगल-फेज वीज असल्यामुळे हा मार्ग तिथे तितका सोपा नाही.

भरणीसाठी ओंडक्यांचा मंच, म्हणजे तुम्ही ज्याला लॉग डेक म्हणता तो, नक्की घ्या. पाच-सहा ओंडके त्यावर एकदम ठेवता आले की भरणाऱ्याला चालवणाऱ्याची वाट पाहावी लागत नाही आणि चालवणाऱ्याला भरणाऱ्याची. ओंडक्यांची रास मंचाला समांतर, सगळे बुंधे एकाच बाजूला आणि खाली आडवी लाकडे टाकून जमिनीपासून उचललेली असावी. जाडीनुसार दोन राशी केल्या तर पाचरीची उंची सारखी बदलावी लागत नाही. हे काम हिवाळ्यात, ओंडके येतात तेव्हाच करून घेतले तर त्याला वेगळा वेळ द्यावा लागत नाही.

बर्फाळ_अंगण

मध्येच एक प्रश्न. आम्ही मिनेसोटात राहतो आणि घरापुरते वर्षाला सात-आठ कॉर्ड लाकूड जाळतो. आम्ही लहान प्रोसेसर घेण्यात अर्थ आहे का?

ओंटारियोकर

नाही. एवढ्या लाकडासाठी चांगली चेनसॉ आणि उभा-आडवा होणारा स्प्लिटर पुरतो. फारच हौस असेल तर चार घरांनी मिळून एका शनिवार-रविवारसाठी प्रोसेसर भाड्याने आणावा.

मेपलवन

ट्रॅक्टरचा मुद्दा खरोखरच लक्षात आला नव्हता, तो आता अंदाजपत्रकात धरते. करवतीविषयी कोणी सविस्तर सांगेल का? कंत्राटदार ओंडके जमिनीवरून ओढत आणतो, त्यामुळे सालीत बराच चिखल असतो.

श्रॉपशर

इंग्लंडच्या पश्चिम सीमेजवळ एका सरपण विक्रेत्याकडे मी चालक म्हणून काम करतो. दोन्ही प्रकारच्या करवती चालवल्या आहेत, म्हणून लिहितो.

कार्बाइडच्या दातांचे गोल पाते चिखल बरेच सहन करते, साखळीला लागते तसे तेल त्याला सतत लागत नाही, कापही वेगाने घेते. त्याची मर्यादा जाडीची आहे. पात्याच्या व्यासाच्या निम्म्याहून कमी जाडीचाच ओंडका कापता येतो, त्यामुळे 70 सेंटीमीटरच्या पात्यावर 25 ते 27 सेंटीमीटरच्या पुढे जाता येत नाही. तुमच्या 32 सेंटीमीटरच्या ओंडक्यांसाठी बरेच मोठे पाते आणि त्याला शोभेल असे जड यंत्र लागेल. तुमच्या जाडीला साखळीच सोयीची आहे, असे माझे मत आहे.

साखळीचा खरा शत्रू चिखल आहे. ओढत आणलेल्या ओंडक्याच्या बुंध्याकडच्या सालीत बारीक खडे रुतून बसतात. एका खड्यावरून साखळी गेली की एका बाजूचे दात बोथट होतात आणि काप तिरका जाऊ लागतो. तिथून पुढचे बारकाईने पाहा. तिरका कापलेला तुकडा फोडण्याच्या पन्हळीत नीट बसत नाही, दट्ट्याची थाळी त्याच्या एकाच कडेला आधी टेकते, तुकडा डोके वर काढतो आणि पाचर त्याच्या मध्यातून न जाता वरच्या तिसऱ्या भागातून जाते. परिणामी एक जाड फोड आणि एक पातळ ढलपी निघते, जाड फोड परत फोडावी लागते आणि ढलपी भंगारात जाते. लोक अशा वेळी पाचरीला किंवा सिलिंडरला दोष देतात, पण दुरुस्ती साखळीत करायची असते. म्हणून धार लावलेल्या तीन-चार साखळ्या जवळ ठेवाव्यात, काप तिरका दिसताच साखळी बदलावी आणि बोथट साखळ्यांना संध्याकाळी बसून धार लावावी. बारची पट्टी, म्हणजे जिच्या कडेने साखळी फिरते ती, एका बाजूने झिजली असेल तर नवी साखळीही तिरकीच चालते, म्हणून बार अधूनमधून उलटा करून लावावा.

कंत्राटदाराला सांगता आले तर ओंडके ओढण्याऐवजी ट्रेलरवर उचलून आणायला सांगा. दर थोडा जास्त पडेल, पण साखळ्या आणि वेळ यांत तो वसूल होतो.

तेलदाब

श्रॉपशर यांनी सांगितलेला तिरक्या तुकड्याचा प्रकार सिलिंडरलाही मारक आहे. थाळीच्या एका कडेवर जोर आला की रॉडवर आडवा भार येतो आणि सील एका बाजूने झिजते. वापरलेले यंत्र विकत घेताना रॉड पूर्ण बाहेर काढायला सांगावा आणि त्याच्या एकाच बाजूला लांब ओरखडे आहेत का, ते पाहावे.

मेपलवन

पाचर तुकड्याचे चार भाग करणारी घ्यावी की सहा-आठ भाग करणारी? आणि मेपलबरोबर थोडे एल्मही येते.

हिमतळे

20 ते 25 सेंटीमीटरसाठी चार भागांची पाचर योग्य आहे, 30 च्या पुढे सहा किंवा आठ भागांची. लहान ओंडक्यावर आठ भागांची पाचर लावली तर फोडी फारच बारीक होतात आणि कन्व्हेयरवर कचरा वाढतो. पाचरीची उंची चालकाच्या जागेवरून बदलता आलीच पाहिजे, ही सोय हायड्रॉलिक असेल तर उत्तम. ओंडक्याच्या मध्यावर पाचर आणण्यासाठी दर वेळी खाली उतरावे लागले तर कोणीच ते करत नाही आणि मग फोडी लहानमोठ्या निघतात.

एल्मसाठी मात्र कोणतीही बहुभागी पाचर वापरू नये. त्याच्या रेषा एकमेकींत गुंतलेल्या असतात, फोडी सुटत नाहीत, दोरांसारखे तंतू त्यांना धरून ठेवतात आणि सगळा गुंता पाचरीत अडकतो. एल्म वेगळे ठेवा आणि साधी दोन भागांची पाचर लावून शेवटी एकदम फोडून घ्या.

ओंटारियोकर

अडकलेल्या लाकडाचा विषय निघालाच आहे, तर सुरक्षेविषयी ठामपणे सांगतो. या यंत्रावर अपघात बहुतेक दोनच प्रसंगी होतात. एक, अडकलेला तुकडा हाताने काढताना. दोन, चालक सोडून दुसऱ्याच माणसाचा हात फोडण्याच्या पन्हळीजवळ असताना. तुम्ही दोघे काम करणार आहात, म्हणून नियम पहिल्या दिवसापासून पाळा. यंत्राची नियंत्रणे आणि लाकूड या दोन्हींना हात लावणारा माणूस एकच असावा. दुसऱ्याने लोडरवर किंवा कन्व्हेयरच्या टोकाशीच राहावे. लाकूड अडकले तर आधी इंजिन किंवा पीटीओ बंद करावा, दट्ट्या मागे आहे याची खात्री करावी आणि मगच लोखंडी पहारीने तुकडा हलवावा.

साखळी तुटते तेव्हा तिचा एखादा दुवा गोळीच्या वेगाने बारच्या रेषेत सुटू शकतो. त्या रेषेत कोणी उभे राहू नये, मुलांना आवारात येऊ देऊ नये आणि चालकासमोरची पॉलिकार्बोनेटची पारदर्शक ढाल तडा गेलेली असेल तर ती बदलल्याशिवाय काम सुरू करू नये. पीटीओच्या शाफ्टवरचे प्लॅस्टिकचे आवरण आणि त्याची साखळी शाबूत आहे का, हे दररोज पाहावे. सैल दुपट्टा, मफलर किंवा लोंबती बाही तिथे चालत नाही.

श्रॉपशर

लाकूड फोडून झाले म्हणजे माल तयार झाला असे समजू नका. इंग्लंडमध्ये 1 मे 2021 पासून 2 घनमीटरपेक्षा कमी प्रमाणात विकल्या जाणाऱ्या जळाऊ लाकडात 20 टक्क्यांहून जास्त ओलावा असता कामा नये, असा नियम आहे. तुमच्याकडे तो नसला तरी ग्राहक त्याच मापाने लाकूड जोखतो, कारण ओले लाकूड धूर करते, चिमणीत डांबर साठवते आणि उष्णता देत नाही. ओलाव्याच्या आकड्यातही एक पेच आहे. 100 किलो लाकडात 20 किलो पाणी असेल तर एकूण वजनावर ओलावा 20 टक्के होतो आणि कोरड्या लाकडाच्या वजनावर 25 टक्के. दोन टोकदार सुया असलेले साधे मीटर सहसा दुसरा आकडा दाखवते. मापन नेहमी नुकत्याच फोडलेल्या आतल्या पृष्ठभागावर, मध्यावर करावे. बाहेरून घेतलेला आकडा कमी येतो आणि ग्राहकाची फसवणूक होते.

ॲश या बाबतीत गुणी आहे, तोडतानाच त्यात बाकीच्या लाकडांपेक्षा कमी पाणी असते. हवा खेळेल अशा जाळीच्या पिंजऱ्यांत, वरून झाकून आणि बाजू उघड्या ठेवून ते एका उन्हाळ्यात वाळते. बीच आणि मेपलला जास्त वेळ द्यावा लागतो. कन्व्हेयरवरून माल थेट पिंजऱ्यात पडेल अशी मांडणी केली, तर लाकूड पुन्हा हाताळावे लागत नाही. माझ्या अनुभवात दिवसभराच्या श्रमांत सर्वांत जास्त बचत याच एका मांडणीने होते. कन्व्हेयरच्या आधी भुसा आणि साल गाळणारी जाळी मात्र हवी. पिंजऱ्याच्या तळाशी भुसा साठला की तिथले लाकूड ओलेच राहते आणि त्याला बुरशी येते.

मेपलवन

हिमतळे यांच्या पद्धतीने हिशोब मांडून पाहिला. समजा 40,000 डॉलरचा प्रोसेसर घेतला, आठ वर्षे वापरून 20,000 ला विकला आणि दरवर्षी 150 कॉर्ड काढले, तर घसारा कॉर्डमागे साधारण 17 डॉलर पडतो. डिझेल, साखळ्या, तेल आणि लोडरचा खर्च वेगळा. मोठ्या, लाख डॉलरच्या पुढच्या यंत्रांत आम्हाला तितके ओंडकेच पुरवता येणार नाहीत, म्हणून तो विचार सोडला आहे. स्वतःच्या इंजिनाचा, साखळीच्या करवतीचा, 40 सेंटीमीटरपर्यंतचा आणि दोन पंपांचा, असे चित्र आता स्पष्ट झाले आहे.

विक्रीबाबत एक प्रश्न राहतो. ॲडिरॉन्डॅकमध्ये पर्यटक तंबू ठोकून राहतात, त्यांना लहान गठ्ठे विकता येतील का?

ओंटारियोकर

येतील, पण तुमच्या राज्याचा नियम नीट पाळा. न्यूयॉर्कमध्ये उष्णतेची प्रक्रिया न केलेले जळाऊ लाकूड मूळ ठिकाणापासून 50 मैलांपलीकडे नेण्यास बंदी आहे आणि विक्रेत्याने लाकडाच्या मूळ ठिकाणाचे प्रमाणपत्र द्यावे लागते. त्याहून लांब पाठवायचे असेल तर भट्टीत लाकडाच्या गाभ्याचे तापमान 71 अंश सेल्सिअसला निदान 75 मिनिटे ठेवावे लागते. हा नियम फक्त कागदोपत्री आहे असे समजू नका. ज्या किड्याने तुमची ॲशची झाडे मारली, तो लांबच्या प्रदेशांत पोहोचला त्यात सरपणाच्या वाहतुकीचा मोठा वाटा आहे. स्वतःचे जंगल मरताना पाहिलेल्या माणसाने दुसऱ्याच्या जंगलाची काळजी सर्वांत आधी घ्यावी, असे मला मनापासून वाटते. सुरुवातीला 50 मैलांच्या आतली घरे आणि तंबूंचे तळ हेच ग्राहक धरा. भट्टीचा विचार पुढे करता येईल.

मेपलवन

नक्कीच. पुढच्या आठवड्यात एका विक्रेत्याकडे प्रात्यक्षिक आहे. तिथे काय पाहू?

हिमतळे

तुमचे स्वतःचे ओंडके ट्रेलरवर घालून घेऊन जा. त्यात दोन वाकडे आणि एक गाठाळ मेपल असू द्या, विक्रेत्याचे निवडक सरळ ओंडके बाजूला ठेवा. वाकडा ओंडका भरणीच्या पट्ट्यावर फिरतो का, त्याला वरून दाबून धरणारा हात आहे का आणि शेवटचा आखूड तुकडा कुठे अडकतो, हे पाहा. पुष्कळ यंत्रांत खरा वेळ त्या शेवटच्या तुकड्यावर जातो.

तेलदाब

आणि तासभर तरी सलग चालवायला सांगा. सुरुवातीला आणि शेवटी टाकीवरच्या मापकात तेलाचे तापमान पाहा, दोन्ही वेळा रिकाम्या दट्ट्याची एक फेरी घड्याळ लावून मोजा. दोन्ही आकडे इथे टाकलेत तर पंपाबद्दल काहीतरी निश्चित सांगता येईल.

मेपलवन

ओंडके आजच वेगळे काढून ठेवते. तापमान आणि फेरीचे आकडे प्रात्यक्षिकानंतर याच धाग्यावर देईन.